मायक्रोवेव्हच्या मोडक्या दाराचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातले राळेगाव हे कापसाचे गाव. कापूस विकला गेला की बाजारपेठेत पैसा खेळतो आणि घरात एखादी नवी वस्तू येते. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र अशा तालुक्याच्या गावात नवा येतो त्यापेक्षा जुना जास्त येतो. नागपूर-यवतमाळच्या नातेवाइकाने नवा घेतला म्हणून त्याचा जुना इकडे येतो, नाहीतर दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये निघालेला कुणीतरी दुरुस्त करून विकतो. या वाटेने आलेल्या ओव्हनला काहीतरी झालेले असतेच. टेम्पोत आदळून दार वाकलेले असते, कडीचा प्लास्टिकचा आकडा तुटलेला असतो, आतला रंग उडून गंजलेला पत्रा दिसत असतो, काचेला तडा गेलेला असतो. घेणारा विचारतो, “चालतो ना?” चालत असतो. मग रमजानमध्ये सहेरीच्या वेळी अर्धवट झोपेत त्यावर सालन गरम होऊ लागते.

असा ओव्हन वापरावा की नाही, यावर मोहल्ल्यात दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, किरणे बाहेर येतात, कॅन्सर होतो, घरात ठेवूच नका. दुसरे म्हणते, काही होत नाही, दाराला चिकटपट्टी लावा. दोघांनाही या दारामागची पन्नास-साठ वर्षांची भांडणे ठाऊक नाहीत. ती कळली तर मोडक्या ओव्हनकडे कसे पाहायचे हेही कळते.

या लहरींशी आपल्या उपखंडाचे नाते जुने आहे. 1895 साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूची भुकटी पेटवली होती. पण लहरी निर्माण करणारे ताकदवान यंत्र आले ते युद्धामुळे. फेब्रुवारी 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी नव्या रचनेचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. तळहातावर मावणाऱ्या तांब्याच्या या ठोकळ्यामुळे विमानात बसवता येईल इतके लहान रडार शक्य झाले. त्याच वर्षी ब्रिटनने तो गुपचूप अमेरिकेला दिला. तिथे रेथिऑन कंपनीत तो मोठ्या संख्येने कसा बनवायचा हे कोडे सोडवणाऱ्या माणसाचे नाव पर्सी स्पेन्सर.

स्पेन्सर हा आपल्या ओळखीचा माणूस वाटतो. लहानपणीच अनाथ झालेला, शाळा अर्धवट सुटलेली, कागदाच्या कारखान्यात वीज बसवताना वीज शिकलेला. थोडक्यात, मिस्त्री. 1945 च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. हे इतरांच्याही लक्षात आले असणार. त्याने मात्र मक्याचे दाणे आणून फोडून पाहिले, मग अंडे ठेवले आणि ते एका सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले. ऑक्टोबर 1945 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला आणि जानेवारी 1950 मध्ये पेटंट मिळाले. पहिला विक्रीचा ओव्हन माणसाएवढा उंच होता. वजन सुमारे 340 किलो, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला नळाचे पाणी जोडावे लागे. 1955 मध्ये टॅपन कंपनीने घरगुती ओव्हन काढला, त्याची किंमत 1,295 डॉलर. 1967 मध्ये अमानाचा ओट्यावर ठेवायचा ओव्हन 495 डॉलरला आला आणि तिथून तो सामान्य अमेरिकी घरात शिरला.

या गोष्टीत सहसा एक भाग सांगायचा राहतो. ज्या लहरीने खिशातली वडी वितळली ती शेजारच्या मांडीलाही लागत होतीच. रडारवर काम करणाऱ्या सैनिकांबद्दल युद्धानंतर कुजबुज सुरू झाली. मोतीबिंदू होतो, वंध्यत्व येते, असे म्हटले जाई. त्यातले वंध्यत्वाचे बरेचसे अफवेचे होते. पण डोळ्याचे भिंग आणि वृषण या दोन जागी उष्णता लवकर साठते, ही गोष्ट खरी आहे. भिंगात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेणारे कुणी नसते. 1953 मध्ये हर्मन श्वान या शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिवॅटपर्यंतची तीव्रता शरीर सहन करू शकते, त्यापुढे ऊब वाढत जाते. अमेरिकेने साधारण हीच मर्यादा धरली. सोव्हिएत संघाने त्याच दशकाच्या शेवटी कामगारांसाठी मर्यादा ठरवली ती 10 मायक्रोवॅट. म्हणजे एक हजार पट कडक. एकाच लहरीबद्दल दोन महासत्तांचे उत्तर हजार पटींनी वेगळे! त्यात मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीवर वर्षानुवर्षे मायक्रोवेव्हचा झोत सोडला जात असल्याची बातमी 1976 मध्ये उघड झाली, तेव्हा तर संशयाला ऊत आला. पुढच्याच वर्षी पॉल ब्रॉडर या पत्रकाराचे मायक्रोवेव्हच्या धोक्यांवरचे पुस्तक गाजले. आज आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक भीतीचे मूळ त्या शीतयुद्धाच्या काळात आहे, असे मला वाटते.

ओव्हनच्या दाराला कायदा लागला तो मात्र एका वेगळ्याच वस्तूमुळे. 1967 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्ही संचांतून क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले. दिवाणखान्यातल्या वस्तूतून किरण! मोठा गदारोळ झाला आणि ऑक्टोबर 1968 मध्ये तिथल्या संसदेने उपकरणांतून बाहेर पडणाऱ्या प्रारणांवर नियंत्रणाचा कायदा केला. सरकारी तपासनीस मग ओव्हनकडेही वळले. वापरात असलेल्या काही ओव्हनांची दारे, सील आणि कड्या झिजून ढिल्या झाल्या होत्या आणि त्यांतून उद्योगाने स्वतः मान्य केलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गळती होत होती. ऑक्टोबर 1971 पासून बनणाऱ्या प्रत्येक ओव्हनला नियम लागू झाला. कारखान्यातून निघताना पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर गळती चौरस सेंटिमीटरला 1 मिलिवॅटहून जास्त नको, आणि पुढे आयुष्यभर कधीही 5 मिलिवॅटहून जास्त नको. 1973 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक संघटनेने तरीही ‘आम्ही या ओव्हनांची शिफारस करणार नाही’ अशी भूमिका घेतली आणि कंपन्या चिडल्या. मला ग्राहक संघटनेचा हट्ट महत्त्वाचा वाटतो. दाराची रचना सुधारली त्यामागे अशा हट्टाचाही वाटा आहे.

‘आयुष्यभर’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. कायदा करणाऱ्यांनी धरूनच चालले होते की ओव्हन जुना होईल, आदळेल, लहान मूल त्याच्या उघड्या दारावर लोंबकळेल. म्हणून रचनेतच सोय करायला लावली. दार उघडताच वीज तोडणारे किमान दोन स्वतंत्र स्विच हवेत. त्यातला एक तरी असा दडलेला हवा की बोट किंवा काडी घालून दाबता येऊ नये. शिवाय या स्विचांवर नजर ठेवणारी तिसरी व्यवस्था हवी. बहुतेक ओव्हनांत हा तिसरा स्विच काय करतो? आधीचा स्विच चिकटून बसला असेल आणि दार उघडले गेले, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. दार उघडताना ओव्हनचा फ्यूज उडाला तर मिस्त्री म्हणतो, फ्यूज कमजोर होता. प्रत्यक्षात ओव्हनने स्वतःला मारून घरच्यांना वाचवलेले असते. तिथे कुणी फ्यूजऐवजी जाड तार पिळली, की ती सगळी सोय संपली.

दाराबद्दल आणखी एक गैरसमज आहे. लोकांना वाटते की फ्रिजच्या रबरासारखे काहीतरी दाबून बसते आणि लहर अडते. ओव्हनच्या लहरींची वारंवारता 2,450 मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी साधारण 12 सेंटिमीटर. दाराच्या चौकटीत प्लास्टिकच्या पट्टीआड पत्र्याची एक खोबण असते. तिची खोली या लांबीच्या सुमारे चौथा भाग, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. फटीतून निसटू पाहणारी लहर या खोबणीत शिरते, परत फिरते आणि स्वतःलाच विरोध करून मरते. म्हणून किंचित फट असली तरी चांगला ओव्हन गळत नाही. पण खोबणीचा पत्राच चेपला किंवा दार तिरपे बसले, तर हा हिशेब बिघडतो. काचेमागची जाळीही तशीच. तिची भोके एक-दोन मिलिमीटरची, लहर बारा सेंटिमीटरची. उजेड बाहेर येतो, लहर येत नाही.

हे समजले की नुकसानीतला फरक समजतो. बाहेरच्या काचेला तडा गेला आणि आतली जाळी शाबूत असेल, तर लहर अडवणारी वस्तू जागेवर आहे. तरी काच गरम-थंड होऊन कधीही निखळेल, म्हणून दार बदलेपर्यंत ओव्हन बंदच ठेवावा. जाळी फाटली, बिजागरी वाकली, कडी तुटली, दार नीट बसत नाही किंवा चौकटीचा पत्रा चेपला, यांपैकी काहीही असेल तर ओव्हन लावायचाच नाही. दुधासाठी एक मिनिटभरही नाही. आतला रंग उडून गंज चढला असेल तर तिथे ठिणग्या पडतात आणि पत्र्याला भोक पडू शकते. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी अभ्रकाची पट्टी असते. ती तेलकट होऊन जळली की लोक घाबरतात. ते मात्र खरेच स्वस्तातले काम आहे, नवी कापून बसवता येते, पण तोवर ओव्हन चालवायचा नाही. फिरती काच फुटली तर तिथे घरातले ताट ठेवू नये, त्याच मापाची काच आणावी.

घरच्या घरी तपासायचे उपाय व्हिडिओंतून खूप फिरतात. आत मोबाइल ठेवून रिंग द्या, वाजला तर ओव्हन गळका. हा उपाय फसवा आहे. मोबाइल अत्यंत क्षीण लहरीवरही वाजतो, त्यामुळे धडधाकट ओव्हनमध्येही तो वाजू शकतो. शिवाय बंद ओव्हनची ही परीक्षा वाकड्या दाराच्या चालू ओव्हनबद्दल भरवशाचे काही सांगत नाही. खरी तपासणी गळती मोजणाऱ्या मीटरने होते आणि तो चांगल्या सर्व्हिस सेंटरकडे असतो. अंतराचा नियम मात्र घरी वापरता येतो. 5 सेंटिमीटरवर जितकी गळती, त्याच्या साधारण शंभरावा भाग 50 सेंटिमीटरवर उरतो. मुलांना दाराला नाक लावून फिरती काच बघत उभे राहू देऊ नये, ते यासाठी.

कॅन्सरचे काय? इथे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1977 मध्ये मायक्रोवेव्हच्या कामासाठी एक विभाग सुरू झाला आणि त्यातून 1984 मध्ये ‘समीर’ ही सरकारी संस्था उभी राहिली. आयआयटी मुंबईच्या आवारात तिची प्रयोगशाळा आहे. तिथल्या अभियंत्यांनी कॅन्सरवर किरणोपचार करणारे देशी यंत्र बनवले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात त्यातले एक सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले. राळेगावहून कितीतरी माणसे सेवाग्रामला उपचाराला जातात. त्या यंत्राच्या पोटातही मायक्रोवेव्हच असतात. त्या इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देतात, ते इलेक्ट्रॉन धातूवर आदळतात आणि मग निघणारे क्ष-किरण गाठीवर सोडले जातात. पेशीतला रेणू तोडायची ताकद त्या क्ष-किरणात असते. मायक्रोवेव्हच्या लहरीत ती नसते, ती फक्त तापवते. ओव्हन बंद झाला की लहर संपते, अन्नात काही उरत नाही. गळक्या ओव्हनचा धोका भाजण्याचा आणि डोळ्याच्या भिंगाचा आहे.

2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जे घडले ते याहून अगदी निराळे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-60 होते. भंगार कामगारांनी ते कापले, एकाचा जीव गेला आणि बाकीचे कित्येक दिवस रुग्णालयात पडून होते. ते किरणोत्सर्गी द्रव्य होते, प्लग काढला तरी ते किरण सोडतच राहते. दोन्हींना आपण ‘रेडिएशन’ म्हणतो आणि तिथून सगळा घोळ होतो.

माझी खरी काळजी दारापेक्षा ओव्हनच्या मागच्या पत्र्याची आहे. तो पत्रा कोण उघडतो, ते पाहा. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात मुसलमान कामगारांचे स्वयंरोजगारातले मोठे प्रमाण आकडेवारीने मांडले. आपल्याला त्यासाठी अहवाल लागत नाही. मोटार रिवायंडिंग, गॅरेज, कूलर-मिक्सर दुरुस्ती, भंगार, या कामांत आपलीच पोरे असतात. बहुतेकांनी आयटीआयचे तोंड पाहिलेले नसते, उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेली असतात. हात तयार असतो, नजर तेज असते. मिक्सर, पंखा, कूलर हे सगळे 230 व्होल्टचे जग आहे. त्यात झटका बसतो, हात झटकला जातो, हसून पुन्हा काम सुरू होते.

ओव्हनमध्ये एक ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे सुमारे 2,000 व्होल्ट करतो. डायोड आणि कंडेन्सरची जोडी त्याचे जवळपास 4,000 करते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहू शकतो. तो उतरवायला आत एक रेझिस्टर असतो, पण तो उडाला असेल तर बाहेरून कळत नाही. आणि चालू ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला हात लागला तर पुन्हा हसायची संधी मिळत नाही, कारण तो मागेल तितका प्रवाह देतो. अमेरिकेत जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढण्याचे वेड पसरले. त्यात तीसहून अधिक माणसे मेली आणि तिथल्या लाकूड-कारागिरांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घातली. ते व्हिडिओ आपल्याकडेही पोचतात. (त्याच ट्रान्सफॉर्मरची उच्च दाबाची गुंडाळी काढून, जाड तार गुंडाळून काहीजण बॅटरीच्या पट्ट्या जोडायचा स्पॉट वेल्डर बनवतात. बाहेर येणारा दाब त्यात अगदी कमी उरतो. हे डोके कौतुकाचे आहे.)

मिस्त्रीच्या भाषेत एक क्रियापद आहे, ‘डायरेक्ट करणे’. स्विच खराब झाला, नवा नागपूरहून मागवावा लागेल, गिऱ्हाईक घाई करते, मग दोन तारा जोडून तो डायरेक्ट करून टाकायचा. पंख्यात हे चालून जाते. ओव्हनच्या दाराचा स्विच डायरेक्ट केला की 1971 पासून बसवलेले कुंपण एका पिळ्यात पडते. असा ओव्हन दार उघडे असतानाही चालू शकतो आणि पुढे तो तिसऱ्या घरी विकला जातो, तेव्हा घेणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. घेताना एक गोष्ट करता येते. आत पाण्याचा ग्लास ठेवून ओव्हन चालू करावा, दूर उभे राहून दार ओढावे. दार हलताक्षणी घरघर थांबली पाहिजे. क्षणभरही उशीर झाला तर तो ओव्हन घेऊ नये, फुकटातही. थांबली म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही. वाकडे दार तरीही वाकडेच असते. तीन पिनांचा प्लग आहे का आणि घरात अर्थिंग जिवंत आहे का, हेही पाहावे. हा ओव्हन पाच-सहा अँपिअर ओढतो, जुन्या घरातल्या पातळ वायरिंगच्या लहान सॉकेटवर तो लावू नये.

अमेरिकेत 1975 पासून ओव्हनवर सूचना छापणे सक्तीचे झाले. दारात काही अडकले असेल, दार नीट लागत नसेल, बिजागरी, कडी किंवा सील खराब असेल तर चालवू नका, असा तिचा आशय. आज जगभरच्या माहितीपुस्तिकांत हेच वाक्य असते. मी चाळलेल्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, काही हिंदीत. मराठीत एकही दिसली नाही. आणि जुन्या ओव्हनबरोबर पुस्तिका येतच नाही.

सूचना आणि माणूस यांच्यातले हे अंतर आमच्या जिल्ह्याला नवे नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास जीव गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण कायद्याने छापलेला असतो.  फवारणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, हातमोजे आणि मुखवटे तर दूरच राहिले.

मेलेल्या ओव्हनचे पुढे काय होते, याचाही आता कायदा आहे. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत मायक्रोवेव्ह ओव्हन आला आणि त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर पडली. राळेगावात मात्र तो हातगाडीवर किलोच्या भावाने जातो. तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर फुटतो, मॅग्नेट्रॉनमधले चुंबक पोरे खेळायला नेतात. काही जुन्या मॅग्नेट्रॉनांत बेरिलियम ऑक्साइडची चिनी माती असे, तिची धूळ फुफ्फुसांना घातक असते. पांढरा-गुलाबी तुकडा कोणता आणि कशाचा, हे बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा मॅग्नेट्रॉन हातोडीने फोडूच नये. आणि दार गेलेला ओव्हन भंगारात द्यायचा असेल तर प्लग काढून, मागचा पत्रा न उघडता, त्याची वायर मुळापासून कापून मगच द्यावा. म्हणजे वाटेत कुणी तो पुन्हा लावून बघणार नाही.